विरळ हवा, उतार आणि देवदार : डोंगरातल्या गोल्फचं शहाणपण कुठून आलं?

गेल्या वर्षी एका स्लाइडने माझे तीन महिने खाल्ले.

माझा पीएचडीचा विषय आहे खडबडीत पृष्ठभागाच्या गोलाभोवतीचा हवेचा प्रवाह. या विषयात गोल्फचा चेंडू टाळताच येत नाही, कारण जगातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला खडबडीत गोल तोच. म्हणून प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मी सुरुवातीलाच एक छान गोष्ट टाकली होती. एडिंबरा विद्यापीठातल्या प्राध्यापक पी. जी. टेट यांनी गणित मांडून सिद्ध केलं, की गोल्फचा चेंडू हवेतून साधारण १९० यार्डांच्या पुढे जाऊच शकत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलाने, फ्रेडीने, चेंडू २५० यार्ड उडवून वडिलांना खोटं पाडलं. सगळे हसले. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी तेवढं विचारलं, "टेट यांचा मूळ लेख वाचलाय का?"

नव्हता वाचला. गोष्ट मला एका पुस्तकात मिळाली होती, त्या पुस्तकाला दुसऱ्या पुस्तकात. अहवालावर शेरा आला, "साहित्याचा आढावा पुन्हा सादर करावा", आणि फेलोशिपची मुदतवाढ त्याला अडकली. चूक माझीच होती, त्यामुळे कुणावर रागावण्याचीही सोय नव्हती.

त्या तीन महिन्यांत मी जे वाचलं, त्यातून ही पोस्ट तयार झाली आहे. तुमच्यातले बरेच जण पेटची तयारी करताय किंवा कोर्सवर्कमध्ये आहात, म्हणून एक साधा दिसणारा प्रश्न घेऊन तो किती हातांतून गेलाय ते दाखवते. प्रश्न असा : डोंगरातल्या, चढउताराच्या, दोन्ही बाजूंनी झाडं असलेल्या गोल्फच्या मैदानावर चेंडू कसा मारावा? मी स्वतः गोल्फ खेळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण हाच प्रश्न घेतला, कारण त्यात हवा, उतार आणि झाडं या तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत, आणि त्या एकमेकींपासून सोडवायला माणसांना शंभराहून जास्त वर्षं लागली.

समुद्रकाठचा खेळ डोंगरावर

गोल्फ जिथे वाढला ती स्कॉटलंडची किनारपट्टी. सेंट अँड्र्यूजसारखी ठिकाणं : वाळूच्या टेकड्या, आखूड गवत, वारा, आणि झाडं जवळजवळ नाहीतच. तिथल्या खेळाडूंचं सगळं शहाणपण वाऱ्याबद्दलचं होतं. चेंडू खाली ठेवा, जमिनीवरून पळवा. झाड हा अडथळा त्यांच्या हिशेबातच नव्हता, आणि हवेची घनता तर सगळीकडे सारखीच, कारण सगळी मैदानं समुद्रसपाटीला.

हा खेळ ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या सामानातून भारतात आला आणि उन्हाळ्यात त्यांच्याबरोबरच डोंगर चढला. शिलाँगला १८९८ मध्ये पाइनच्या रानात मैदान झालं. काश्मीरमधलं गुलमर्ग २६५० मीटरवर. आणि सिमल्यापासून वीसेक किलोमीटरवरचं नालदेहरा. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन या जागेवर इतका भाळला, की १९०४ मध्ये जन्मलेल्या आपल्या धाकट्या मुलीच्या नावातच त्याने ती घातली : अलेक्झांड्रा नाल्डेरा. तिथलं मैदानही त्याच्याच पुढाकाराने झालं असं सांगतात. मैदान आखूड आहे, पार ६८, पण सरळ जमीन शोधून सापडत नाही आणि फेअरवेच्या दोन्ही बाजूंना देवदार उभे.

दोन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेसाठी सिमल्याला गेले होते, तेव्हा एक दिवस जास्तीचा काढून मी नालदेहराला गेले. टीपाशी उभं राहून पाहिलं तर समोर मैदान दिसतच नाही. दिसतं ते देवदारांमधलं एक भगदाड, आणि त्याच्या पलीकडे खाली कुठेतरी हिरवा तुकडा. एक गृहस्थ पिशवीतून काठी काढत होते. त्यांच्याबरोबरच्या वयस्क कॅडीने मान हलवली आणि दुसरीच, छोटी काठी हातात दिली. गृहस्थ नाराज दिसले. चेंडू मात्र बरोबर त्या हिरव्या तुकड्यावर पडला.

कॅडीने दिलेली ती छोटी काठी म्हणजे या लेखाचा विषय समजा. तिच्यात किती गोष्टी धरलेल्या होत्या, ते आता एकेक करून पाहू.

टेट यांनी खरं काय केलं होतं

आधी माझ्या चुकलेल्या स्लाइडकडे येते. पीटर गथ्री टेट हे १८६० पासून एडिंबऱ्यात नॅचरल फिलॉसॉफीचे, म्हणजे आपल्या भाषेत भौतिकशास्त्राचे, प्राध्यापक. गोल्फचं वेड जबर. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळातला अव्वल हौशी खेळाडू, १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश अमॅच्युअर विजेता. म्हणजे वडिलांकडे समीकरणं होती आणि घरातच जगातलं एक उत्तम उपकरण होतं.

टेट यांचा प्रश्न साधा होता. चेंडू इतका वेळ हवेत राहतो कसा? नुसतं गुरुत्वाकर्षण आणि हवेचा अवरोध धरून हिशेब केला, तर चांगल्या फटक्याचा चेंडू प्रत्यक्षात दिसतो तितका वेळ वर राहायलाच नको. इथपर्यंत दंतकथा खरी आहे. नुसत्या अवरोधाचा हिशेब कमी पडत होता. पण दंतकथेत प्राध्यापक तिथेच थांबतात आणि मुलगा त्यांना शिकवतो. प्रत्यक्षात टेट थांबले नाहीत. 'नेचर'मध्ये गोल्फच्या भौतिकशास्त्रावर त्यांनी १८९०, १८९१ आणि १८९३ अशी लेखमाला लिहिली, आणि १८९१ पर्यंत उलट्या फिरकीचा मुद्दा त्यांनी छापून मांडला होता. फ्रेडीचा तो गाजलेला फटका १८९३ च्या जानेवारीतला. म्हणजे मुलाने वडिलांना खोटं पाडायच्या आधीच वडिलांनी स्वतःचं उत्तर दुरुस्त केलेलं होतं! तारखा शेजारीशेजारी ठेवल्या असत्या तर मला पाच मिनिटांत कळलं असतं.

फिरकीने चेंडू वळतो हे टेट यांनी शोधलेलं नाही. न्यूटनने १६७२ च्या प्रकाशावरच्या पत्रात टेनिसच्या चेंडूच्या वळण्याचा उल्लेख केला आहे. बर्लिनच्या मॅग्नसने १८५० च्या सुमारास प्रयोग केले, म्हणून त्या परिणामाला त्याचं नाव आहे. टेट यांचं काम पुढचं. काठी चेंडूच्या खालच्या अंगाला लागते, त्यामुळे चेंडू मागच्या बाजूला फिरत निघतो आणि हवा त्याला वर उचलते. ही फिरकी किती, हे मोजायला त्यांनी चेंडूला फीत बांधली आणि तो जवळच्या चिकणमातीच्या ढिगात मारवला. मग फितीला किती पीळ पडलेत ते मोजले. पिळांच्या संख्येवरून फेऱ्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं हे उपकरण मला आमच्या हाय-स्पीड कॅमेऱ्यापेक्षा जास्त आवडतं, आणि ते बंदही पडत नाही.

फ्रेडी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात मारला गेला. टेट पुढच्या वर्षी गेले. मग चेंडू बदलला. कडक गटापर्चाच्या जागी रबराचे दोरे गुंडाळलेला आला, आणि १९०५ मध्ये विल्यम टेलरने खळग्यांच्या चेंडूचं पेटंट घेतलं. जुने, ठोके खाल्लेले चेंडू नव्या गुळगुळीत चेंडूंपेक्षा छान उडतात, हे खेळाडूंना आधीपासून ठाऊक होतं. टेलरने त्या ठोक्यांना आकार दिला. १९१० मध्ये इलेक्ट्रॉनवाल्या जे. जे. थॉमसन यांनीही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिलं.

या सगळ्यांतून डोंगरासाठी काय मिळालं? बरंच. अवरोध आणि उचल, ही दोन्ही बलं हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतात. समुद्रसपाटीला प्रमाण हवा १.२२५ किलो प्रति घनमीटर. दोन हजार मीटरवर ती १.००७, म्हणजे ८२ टक्के. आपलं महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे ८८ टक्क्यांच्या आसपास. वर भात नीट शिजत नाही त्याचं कारण हेच : हवाच कमी.

आता इथे घाईत चूक होते, आणि मी ती कित्येक ब्लॉगांवर पाहिली आहे. हवा १८ टक्के विरळ, म्हणून चेंडू १८ टक्के लांब. असं होत नाही. अवरोध कमी झाला हे खरं, पण उचलही तितकीच कमी झाली. चेंडूला पुढे रोखणारा हात सैल झाला आणि खालून धरणारा हातही. दोन्ही एकमेकांविरुद्ध खेळतात आणि शेवटी हातात उरतो तो फायदा साधारण दर हजार फुटांना एक टक्का किंवा थोडा जास्त. दोन हजार मीटर म्हणजे साडेसहा हजार फूट, तेव्हा सात-आठ टक्के. हळू मारणाऱ्याला त्याहून कमी, कारण त्याचा चेंडू हवेत टिकतो तो मुख्यतः उचलीवरच.

पण अंतर वाढलं ही अर्धीच बातमी आहे. चेंडू उजवीकडे-डावीकडे वळतो तोही याच फिरकीमुळे. बाजूला ढकलणारं बल आणि वर उचलणारं बल मुळात एकच, फक्त फिरकीचा आस कलता झालेला. म्हणजे विरळ हवेत चेंडू कमी वळतो. नवशिक्याला हे वरदानच. त्याचा चुकून वळणारा फटका कमी वळतो. पण झाडामागे अडकलेला कसलेला खेळाडू, जो खाली मुंबईत चेंडू मुद्दाम वळवून झाडाला वळसा घालतो, त्याने वर तोच प्रयत्न केला तर चेंडू वळतच नाही आणि पलीकडच्या झाडात जातो. डोंगरावर झाडाला वळसा घालायचा असेल तर जास्त फिरकी द्यावी लागते, किंवा विचार सोडून मोकळ्या जागी बाजूला काढावा लागतो. अनुभवी माणसं दुसरं करतात.

आणखी एक. कमी अवरोधामुळे चेंडू ग्रीनवर येताना चपट्या कोनात येतो, त्यामुळे थांबतो कमी. तेव्हा डोंगरावर एक काठी कमी घ्यायची एवढ्यावर भागत नाही. चेंडू पडावा कुठे, हेही अलीकडे आणावं लागतं.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

आता उतार. ग्रीन दहा मीटर खाली असेल तर चेंडू किती पुढे जाईल? जुनं उत्तर होतं : जितका खाली, तितका पुढे. दहा मीटरला दहा मीटर. हे उत्तर चेंडू ४५ अंशांनी उतरत असेल तरच बरोबर. अकरावीचा त्रिकोण आठवा. खोली भागिले उतरण्याच्या कोनाचा टॅन. मधली आयर्न पन्नासेक अंशांनी उतरते, तिला दहा मीटर खोलीला सव्वाआठ-साडेआठ मीटरच मिळतात. ड्रायव्हरचा चेंडू अडतीसेक अंशांनी उतरतो, त्याला जवळजवळ तेरा. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की : चपटा येणारा चेंडू उताराला जास्त भुलतो. आणि विरळ हवा चेंडूला चपटं करते, हे आत्ताच पाहिलं. म्हणजे उंचीचा आणि उताराचा हिशेब वेगवेगळा करून बेरीज मारली तरी थोडं चुकतंच. नालदेहराच्या त्या कॅडीला टॅन माहीत असण्याचं कारण नाही. त्याने ती बेरीज हजारो फटके पाहून केली असणार.

मुळात अंतर किती आहे हेच नीट दिसत नाही, ही डोंगराची मोठी खोड. कॅनडात स्टॅनली थॉम्पसन या आराखडाकाराने जॅस्पर (१९२५) आणि बॅन्फ (१९२८) ही रॉकीजमधली मैदानं बांधली. त्याने वाळूचे खड्डे मोठाले आणि मागच्या डोंगरांच्या रेषांना साजेसे केले. एवढ्या प्रचंड पार्श्वभूमीपुढे सगळं लहान दिसतं आणि डोळ्यांचं माप बिघडतं. त्या काळात खेळाडू अंतर डोळ्यांनीच ठरवायचे, आणि तो खेळाच्या कौशल्याचा भागच मानला जायचा.

मोजायची सवय बरीच उशिरा लागली. अमेरिकेत जीन अँड्र्यूज नावाचा हौशी खेळाडू १९५० च्या दशकात पावलं टाकून अंतरं वहीत लिहायचा. डीन बीमन यानेही तेच सुरू केलं, आणि १९६१ च्या यूएस अमॅच्युअर स्पर्धेच्या वेळी पेबल बीचवर त्याने ते जॅक निक्लॉसला सुचवलं. निक्लॉसने ती स्पर्धा जिंकली आणि पुढे आयुष्यभर मोजत राहिला. आज प्रत्येक व्यावसायिकाच्या खिशात अंतरांची वही असते. गंमत अशी, की २०१९ च्या नियमावलीने लेझरने अंतर मोजायला सर्रास मोकळीक दिली, पण यंत्राने चढउतार मोजणं मात्र मनाईतच ठेवलं. अंतर यंत्राने सांगावं, उतार माणसाने ओळखावा. ही रेषा नेमकी इथेच का ओढली, यावर एखाद्याने प्रबंध लिहावा.

डोळ्यांची आणखी एक फसवणूक ग्रीनवर होते. डोंगरातल्या कॅडींचा जुना मंत्र मी त्या दिवशीही ऐकला : "साहब, ऊपर मत देखो, बॉल घाटी की तरफ़ जाएगी." बघणाऱ्याला वाटतं चेंडू डोंगराकडे वळेल, आणि तो दरीकडे वळतो. याला डोंगराचं ओढणं-बिढणं म्हणतात, तसं काही नाही. पायाखालचा अख्खा प्रदेशच कललेला असला आणि खरं क्षितिज झाडांनी झाकलं असलं, की मेंदू त्या कललेल्या प्रदेशालाच सपाट धरतो. लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलला गाडी चढावर आपोआप चालते असं वाटतं, तोच भ्रम. तुमच्यातल्या प्रयोगवाल्यांसाठी : संदर्भरेषा कललेली असेल, तर मापन कितीही बारीक केलं तरी उपयोग नाही.

झाडं, आणि सरासरीचा सापळा

हवा आणि उतार यांचं उत्तर भौतिकशास्त्राने दिलं. झाडांचं उत्तर मात्र तिथून येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

झाडांच्या फेअरवेवर जुना सल्ला होता : सरळ मारा. हा सल्ला नाहीच. परीक्षेत बरोबर उत्तरं लिहा, म्हणण्यासारखं. माणूस शंभर फटके मारतो तेव्हा चेंडू एका जागी पडत नाहीत, पसरतात. व्यावसायिकांचेही ड्रायव्हरचे फटके साठ-सत्तर यार्ड रुंदीत विखुरतात. आणि झाडांमधली वाट तीस-चाळीस यार्डांची. म्हणजे प्रश्न 'माझा चांगला फटका कुठे जाईल' हा नाही. 'माझा हा अख्खा पसारा कुठे ठेवू' हा आहे.

या प्रश्नाला आकडे दिले कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या मार्क ब्रॉडी यांनी. ते मुळात वित्तक्षेत्रातले, जोखमीचा हिशेब करणारे. पीजीए टूर २००० च्या दशकापासून प्रत्येक फटका लेझरने नोंदवत होती. त्या लाखो फटक्यांवरून ब्रॉडी यांनी काढलं, की कुठल्या जागेवरून होल पूर्ण करायला व्यावसायिकाला सरासरी किती फटके लागतात. टूरने २०११ मध्ये ही पद्धत आधी पटिंगसाठी स्वीकारली, आणि २०१४ मध्ये त्यांचं 'एव्हरी शॉट काउंट्स' आलं.

त्यातले तीन आकडे घ्या. फेअरवेवर, होलपासून १०० यार्डांवर : सरासरी २.८० फटके. फेअरवेवर, १६० यार्डांवर : २.९८. आणि १०० यार्डांवरच, पण झाडीत असे अडकलेले, की आधी नुसतं बाहेर यावं लागेल : ३.८०.

आता टीवर उभे राहा. ड्रायव्हर मारला आणि चांगला बसला तर १०० यार्ड उरतात. आयर्न मारली तर १६०. साठ यार्ड मागे राहायची किंमत किती? फक्त ०.१८ फटका. झाडीत जायची किंमत? अख्खा एक. समजा आयर्नने तुम्ही शंभरात दहा वेळा झाडीत जाता. १६० यार्डांवर झाडीची सरासरी ३.८१ आहे, तेव्हा आयर्नचा एकूण हिशेब ३.०६ च्या आसपास येतो. ड्रायव्हरने झाडीत जाण्याचं प्रमाण शंभरात २६ च्या वर गेलं, की आयर्न सरस. त्याखाली असेल तर ड्रायव्हर. कागद घेऊन स्वतः करून बघा, दोन ओळींचं गणित आहे. आकडे व्यावसायिकांचे आहेत, तुमच्याआमच्यासाठी वेगळे निघतील, पण मांडणी तीच.

ब्रॉडी यांचं काम अनेकदा 'ड्रायव्हरच मारा' अशा एका वाक्यात सांगितलं जातं. उघड्या, रुंद मैदानावर ते बहुतेक वेळा खरंही आहे. पण त्याच आकड्यांतून दाट झाडीच्या होलवर उलटं उत्तर निघतं. निष्कर्ष लक्षात ठेवला आणि मांडणी विसरली, की असं होतं. मी टेट यांच्या बाबतीत तेच केलं होतं.

आता विरळ हवा पुन्हा आत आणा. डोंगरावर आयर्नही सात-आठ टक्के लांब जाते, म्हणजे मागे राहायची किंमत आणखी उतरते. दुसऱ्या बाजूला, ड्रायव्हरचा चेंडू जास्त लांब गेला की सुरुवातीच्या दिशेतली चूकही लांबते. तीन अंश चुकलेला फटका २५० यार्डांवर १३ यार्ड बाजूला असतो, २७० वर १४. फरक थोडा, पण झाडं जागची हलत नाहीत. वळणाची चूक मात्र कमी होते. कुणाची चूक कुठल्या जातीची आहे यावर डोंगर त्याला मदत करणार की त्रास देणार हे ठरतं. वळवून चुकणाऱ्याला डोंगर माफ करतो, चुकीच्या दिशेला सरळ मारणाऱ्याला नाही.

चापुल्तेपेक

हे सगळं एकत्र, उघड्यावर तपासलं गेलं ते मेक्सिकोत. मेक्सिको सिटीला लागून नाउकाल्पानमध्ये चापुल्तेपेक क्लब आहे. उंची ७८०० फुटांच्या आसपास, चढउतार भरपूर, झाडांच्या भिंती. २०१७ ते २०२० अशी चार वर्षं जगातले पहिल्या फळीतले खेळाडू तिथे डब्ल्यूजीसी स्पर्धेसाठी जमले. आठवडाभर सराव केला तरी काठी कुठली घ्यायची यावर खेळाडू आणि कॅडी यांच्यात खल चालायचा. कारण प्रत्येक काठीचं वर्षानुवर्षं पाठ केलेलं अंतर तिथे लागूच पडत नव्हतं, आणि प्रत्येक काठीला वाढ वेगळी. टीवरून आयर्न काढणारे मोठे खेळाडू दिसायचे, तेही जगातले लांब मारणारे.

२०१८ मध्ये तिथे आपला शुभंकर शर्मा होता. वय २१, या दर्जाची त्याची पहिलीच स्पर्धा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसअखेर तो पहिल्या क्रमांकावर होता, तिसऱ्या दिवशी दोन फटक्यांनी पुढे. शेवटच्या दिवशी ७४ झाले आणि तो संयुक्त नववा राहिला. फिल मिकेलसनने प्लेऑफमध्ये जस्टिन थॉमसला हरवलं. बाकीच्या तीन वर्षांची विजेत्यांची यादी बघितली तर २०१७ मध्ये डस्टिन जॉन्सन, जो टूरवरच्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक. २०१९ मध्येही तोच. आणि २०२० मध्ये पॅट्रिक रीड, जो लांबीसाठी ओळखला जात नाही. त्याच्या एक फटका मागे ब्रायसन डिशॅम्बो, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेला. चार वर्षांच्या चार नावांवरून 'तिथे लांब मारणारा जिंकतो' किंवा 'नाही जिंकत' असा निष्कर्ष काढायला मी धजणार नाही. नमुना चारचा आहे. दुसऱ्या कुणी काढलेला दिसला तर तुम्हीही विचारा, मूळ आकडे कुठेत?

माझा आढावा नंतर मंजूर झाला. स्लाइड अजून आहे, फक्त तिच्यावर आता १८९१ आणि १८९३ या दोन तारखा आहेत आणि गोष्ट नाही. सरांनी यावेळी वेगळंच विचारलं : विरळ हवेत रेनॉल्ड्स संख्याही कमी होते, त्याचं काय? निघालेला चेंडू ७० मीटर प्रति सेकंदाने जातो, तेव्हा ती संख्या दोन लाखांच्या घरात असते, तिथे १८ टक्के कमीजास्तीने काही बिघडत नाही. पण ग्रीनवर उतरता उतरता वेग पंचवीस-तीसवर येतो. संख्या साठ-सत्तर हजारांवर घसरते, आणि खळग्यांचा फायदा जिथे संपायला लागतो ती हद्द तिथून फार लांब नाही. उडाणाच्या शेवटच्या दोन सेकंदांत डोंगरावरचा चेंडू खालच्यापेक्षा वेगळा वागतो का? आमच्या विंड टनेलमध्ये हवा विरळ करता येत नाही, पण वेग कमी करून ती संख्या गाठता येते. टनेलची वेळ या महिन्याच्या अखेरीस मिळाली आहे, सकाळी सहा ते नऊ, कारण नंतर तो एमटेकवाल्यांना लागतो.